हिरव्या वाटाण्याची डाळ : पर्वतिथीची सोबत, पोषणाचा आधार

नागपूरहून अमरावतीकडे निघाले की शहराची वस्ती विरळ होण्याआधी वाडी लागते. गोदामे, ट्रान्सपोर्टची कार्यालये, रस्त्याच्या कडेला उभ्या मालमोटारी आणि त्यांच्या मागच्या वसाहतींतून राहणारी व्यापारी कुटुंबे, असे या गावाचे आजचे रूप आहे. पूर्वीच्या क्रमांक ६ च्या सुरत-कोलकाता महामार्गाचा, आता क्रमांक ५३ म्हणून ओळखला जाणारा भाग येथूनच जातो. धान्य, डाळी, किराणा यांची ने-आण हा येथील अनेक घरांचा रोजचा विषय. दुकानात डाळीच्या भावाची चर्चा तासन्‌तास चालते. मात्र तीच डाळ घरच्या ताटात किती आणि कशी येते, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो.

हा हिशेब चातुर्मासात विशेष महत्त्वाचा ठरतो. अष्टमी-चतुर्दशीला हिरव्या भाज्यांचा त्याग, पर्युषणात वा दशलक्षणात अधिक कडक नियम, सूर्यास्तापूर्वी जेवण आणि कंदमुळे तर बारा महिने वर्ज्य. हे सर्व नियम श्रद्धेने पाळले जातात. परंतु भाज्या ताटातून गेल्या की त्यांची रिकामी जागा पुष्कळदा शेव, गाठिया, पापड आणि तळलेल्या पुऱ्या भरून काढतात. त्याग जिभेचा व्हावा, ही अपेक्षा. प्रत्यक्षात तो पोषणाचा होतो. याची झळ घरातील वृद्धांना, वाढत्या वयाच्या मुलींना आणि सर्वांचे झाल्यावर उरलेल्यावर भागवणाऱ्या गृहिणींना आधी लागते. ही रिकामी जागा डाळींनी भरावी, असे आहारशास्त्र सांगते. त्या डाळींमध्ये हिरव्या वाटाण्याची डाळ ही जैन स्वयंपाकघराच्या शिस्तीला विलक्षण सोयीची आहे. मात्र मूग, तूर आणि हरभरा यांच्या गर्दीत तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

हिरवी, पण हिरवी भाजी नव्हे

डाळीचा रंग हिरवा म्हणून ती पर्वतिथीला चालेल का, अशी शंका काही घरांत घेतली जाते. पिवळा वाटाणा पिकलेला आणि हिरवा कच्चा, असा समजही आढळतो. तो बरोबर नाही. दोन्ही पूर्ण पक्व, शेंगेतच वाळलेले दाणे असतात. फरक वाणाचा आहे. पिवळ्या वाणात दाणा पिकताना आतील हरितद्रव्य नाहीसे होते, हिरव्या वाणात ते टिकून राहते.

हा फरक विज्ञानाच्या इतिहासात अजरामर झाला आहे. ब्रनो येथील मठातील ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्यावर प्रयोग केले. पिवळ्या आणि हिरव्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व दाणे पिवळे निघाले. दुसऱ्या पिढीत मात्र ६,०२२ पिवळे आणि २,००१ हिरवे मिळाले. तीनास एक या प्रमाणातून आनुवंशिकतेचे नियम उलगडले. म्हणजे हिरवा रंग हा कच्चेपणाचा नव्हे, वंशाचा गुण आहे.

म्हणून हिवाळ्यात जबलपूरकडून येणारा ताजा मटार किंवा गोठवलेला मटार वेगळा आणि वाळलेल्या दाण्याची डाळ वेगळी. पहिला भाजीत मोडतो, दुसरी कोरड्या कडधान्यात. तिथीला मूगडाळ ज्या न्यायाने चालते, त्याच न्यायाने हीही चालते. तरीही परंपरेनुसार आणि घेतलेल्या नियमानुसार आचार बदलतो; ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या साधु-साध्वींना विचारून निर्णय घ्यावा.

अखंड दाण्यापेक्षा डाळ का?

अखंड वाटाण्यात एक अडचण लपलेली असते. वाटाण्यावरील भुंगेरा शेतातच हिरव्या शेंगेवर अंडी घालतो. अळी शेंग पोखरून दाण्यात शिरते आणि त्या एकाच दाण्यात वाढते. बाहेरून दाणा धडधाकट दिसतो. फार तर सालीवर पातळ, पारदर्शक अशी एक गोल खिडकी दिसते. भुंगेरा बाहेर पडल्यावरच स्वच्छ गोल भोक उरते. असा वाटाणा सुपात कितीही पाखडला तरी आतील जीव दिसत नाही. जयणेने स्वयंपाक करणाऱ्या घराला ही गोष्ट अस्वस्थ करणारी आहे.

डाळीत हा पडदा उरत नाही. गिरणीत साल निघते, दाण्याचे दोन भाग होतात आणि पोखरलेला दाणा उघडा पडतो. प्रत्येक दल दोन्ही बाजूंनी डोळ्यांखालून घालता येते. शिवाय दाणा फुटताना अंकुर गळून पडतो, त्यामुळे डाळीला मोड येत नाहीत.

दुसरी सोय भिजवण्याची आहे. अखंड वाटाणा रात्रभर भिजवावा लागतो आणि रात्रीचे भिजवणे अनेक घरांत टाळले जाते. डाळीला मात्र अर्धा-पाऊण तास पुरतो. सकाळी किंवा दुपारी गाळलेल्या पाण्यात भिजवली की चौविहाराच्या वेळेच्या पुष्कळ आधी ती शिजून तयार होते. गोदाम बंद करून सूर्यास्तापूर्वी घाईने घरी पोहोचणाऱ्यांच्या घरी या अर्ध्या तासाला मोल आहे.

पोषणाचा ताळेबंद

वाटाण्याच्या १०० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे २३ ते २४ ग्रॅम प्रथिने आणि २० ग्रॅमपेक्षा अधिक तंतुमय पदार्थ असतात. स्निग्धांश अगदी अल्प असतो. शिजल्यावर डाळ पाणी शोषते, त्यामुळे १०० ग्रॅम शिजलेल्या डाळीत प्रथिने आणि तंतू प्रत्येकी सुमारे ८ ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे ११८ किलोकॅलरी असते. फोलेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्येही तीत चांगल्या प्रमाणात आहेत.

आता गरजेची बाजू पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हे प्रमाण सुमारे ४६ ग्रॅम होते. याच संस्थांच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० किलोकॅलरींच्या आहारासाठी दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये सुचवली आहेत. हे वजन कोरड्या डाळीचे आहे.

चार माणसांच्या घरात एका वेळी साधारण एक मध्यम वाटी, म्हणजे १२० ग्रॅम डाळ शिजते. प्रत्येकाच्या वाट्याला ३० ग्रॅम डाळ आणि सुमारे ७ ग्रॅम प्रथिने येतात. सुचवलेल्या ८५ ग्रॅमपैकी ही जेमतेम एक तृतीयांशाहून थोडी अधिक झाली. एकवेळच्या पातळ वरणावर दिवस काढणाऱ्या घराचा ताळेबंद कोठे तुटीत जातो, हे येथे स्पष्ट दिसते. सकाळी डाळीचे धिरडे, दुपारी वरण आणि संध्याकाळी डाळ-तांदळाची खिचडी, अशी तीन वेळा विभागणी केली तर ही तूट सहज भरून निघते.

डाळीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर, तर मेथिओनिन कमी असते. तांदूळ, गहू, ज्वारी यांत नेमके उलट असते. म्हणून वरण-भात किंवा डाळ-भाकरी ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. भरपूर तंतूंमुळे पोट अधिक वेळ भरलेले वाटते, रक्तातील साखर हळूहळू वाढते आणि बैठ्या व्यवसायातील बद्धकोष्ठाची तक्रारही कमी होते. दिवसभर गादीवर किंवा खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी हा लाभ लहान नाही.

लोहाच्या बाबतीत मात्र अवास्तव अपेक्षा ठेवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ३० ग्रॅम डाळीतून सुमारे दीड मिलिग्रॅमच्या आतबाहेर लोह मिळते, तर प्रौढ स्त्रीची शिफारस केलेली दैनिक मात्रा २९ मिलिग्रॅम आहे. डाळ हा लोहाचा हातभार आहे, औषध नव्हे. तिथी नसेल त्या दिवशी शिजलेल्या डाळीवर लिंबू पिळावे. त्यातील क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते, म्हणून चहा तासभर दूर ठेवावा. ब-१२ हे जीवनसत्त्व कोणत्याही डाळीत नसते. त्यासाठी दूध-दही आणि आवश्यकता असल्यास डॉक्टरांचा सल्ला, हाच मार्ग आहे.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने आणि पोटॅशियम यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. ज्यांना वाटाण्याने वायू धरतो, त्यांनी प्रारंभी अर्धी वाटी वरण घ्यावे, भिजवलेले पाणी शिजवण्यास वापरू नये आणि फोडणीत हिंग-ओवा घालावा. आठ-दहा दिवसांत पोट बहुधा या तंतूंना सरावते.

रोजच्या रांधपाची रीत

साधे वरण : डाळ निवडून तीन पाण्यांनी धुवावी आणि अर्धा ते पाऊण तास भिजवावी. एका वाटीस तीन वाट्या ताजे पाणी, चिमूटभर हळद आणि हिंग घालून कुकरच्या चार शिट्ट्या कराव्यात. ही डाळ तुरीपेक्षा दाट आणि मऊसर होते, म्हणून घोटल्यावर गरम पाणी घालून सैल करावी. तुपात जिरे, हिंग, सुकी लाल मिरची यांची फोडणी द्यावी आणि शेवटी मीठ व आमसूल घालावे. आल्याच्या जागी चिमूटभर सुंठ पुरते. कढीपत्ता आणि कोथिंबीर तिथी नसेल तेव्हा. लवकर शिजावी किंवा रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची सवय असेल तर ती सोडावी. सोड्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते.

मोकळी डाळ : तासभर भिजवलेली डाळ उघड्या पातेल्यात, दल बोटाने दाबता येईल पण फुटणार नाही इतपतच शिजवावी. निथळून जिरे-मोहरीच्या फोडणीत परतावी. वरून सुक्या खोबऱ्याचा कीस आणि आमचूर घालावे. पोळीबरोबर डब्यात नेण्यास ही उत्तम. भाजी नसल्याची उणीव जाणवत नाही.

धिरडी : दोन तास भिजवलेली डाळ थोड्या तांदळाबरोबर वाटावी. जिरे, मिरपूड, हिंग, मीठ घालून लगेच तव्यावर पसरावी. पीठ आंबवण्याची गरज नाही, त्यामुळे रात्रभर ठेवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. डाळ दळून ठेवायची असल्यास दिगंबर परंपरेतील पिठाची मर्यादा ध्यानात असावी : हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन.

गोळाभात : हा विदर्भाचा खास पदार्थ. एरवी हरभऱ्याच्या डाळीचा करतात. वाटाण्याच्या डाळीचा अधिक हलका होतो. भिजवलेली डाळ पाणी न घालता जाडसर वाटावी. तिखट, हळद, हिंग, ओवा, मीठ आणि गरम तेलाचे मोहन घालून लिंबाएवढे गोळे करावेत. भात अर्धाअधिक शिजला की गोळे त्यावर अलगद ठेवून झाकण घालावे आणि मंद आचेवर वाफ आणावी. पानात गोळा भातात कुस्करून वर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणी घ्यावी.

या गोळाभाताबरोबर ताक किंवा कढी घेण्याची इकडे सवय आहे आणि येथेच द्विदलाचा नियम आठवावा. ज्या धान्याचे दोन सारखे भाग होतात आणि ज्यातून तेल निघत नाही, असे धान्य कच्च्या दूध-दही-ताकाबरोबर खाणे वर्ज्य आहे. वाटाणा या व्याख्येत सरळ बसतो. श्वेतांबर घरांत दही आधी चांगले गरम करून मगच डाळीशी त्याची गाठ घालतात. ज्यांना तेही नको, त्यांनी आमसुलाचे सार करावे. चवीत काही उणे राहत नाही.

आयंबिल : चैत्र आणि आश्विन महिन्यांतील नवपद ओळीत दूध, दही, तूप, तेल, साखर-गूळ आणि हिरव्या भाज्या यांशिवाय दिवसातून एकदाच जेवायचे असते. तेव्हा डाळीलाच सारा भार वाहावा लागतो. वर्णानुसार एकेक धान्य घेणाऱ्यांसाठी उपाध्याय पदाच्या दिवशी मुगाचा मान आहे, तो तसाच राहावा. इतरांनी मीठ, मिरपूड, हिंग व सुंठ घालून शिजवलेली वाटाण्याची डाळ अवश्य घ्यावी. ती घोटली की आपोआप दाट होते, म्हणून तुपावाचूनही कोरडी लागत नाही.

बाजार, भाव आणि इमान

डाळ घरात येते ती बाजारातून, आणि या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकजण त्या बाजारातच उभे आहेत. देशात कोरडा वाटाणा मुख्यतः उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशात पिकतो. बाकीची गरज कॅनडा, रशिया यांसारख्या देशांतून भागवली जाते. देशी शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून ८ नोव्हेंबर २०१७ रोजी वाटाण्यावर ५० टक्के आयात शुल्क बसवण्यात आले. डिसेंबर २०१९ मध्ये किलोला २०० रुपये हा किमान आयात दर ठरला आणि माल केवळ कोलकाता बंदरातूनच उतरवण्याची अट आली. डिसेंबर २०२३ मध्ये शुल्कमुक्त आयातीची वाट पुन्हा मोकळी झाली, ती पिवळ्या वाटाण्यापुरतीच. हिरव्याला ती सवलत मिळाली नाही.

परिणाम उघड आहे. मूळ एकच पीक असूनही पिवळा स्वस्त आणि हिरवा महाग, अशी दरी पडते. ज्या दोन मालांत अंतर केवळ रंगाचे, तेथे रंगाचा मोह निर्माण होतो. कडधान्याला बाहेरून रंग लावण्यास अन्नसुरक्षा कायद्यानुसार मनाई आहे, तरी मॅलाकाइट ग्रीनसारख्या घातक रंगांचा वापर अधूनमधून उघडकीस येतो. हा रंग कापडाचा आहे, पोटाचा नव्हे.

घरच्या घरी करता येणारी परीक्षा सोपी आहे. काचेच्या पेल्यात थोडी डाळ घेऊन पाणी घालावे, ढवळावे आणि अर्धा तास ठेवावे. पाणी हिरवे झाले तर रंग लावलेला आहे. शुद्ध डाळीचे पाणी फार तर किंचित गढूळ होते. दुसरी खूण शिजल्यावर मिळते. नैसर्गिक हिरवा रंग उष्णतेने मावळतो, वरण मेंदीसारखे दिसते. शिजूनही डाळ पोपटी राहिली तर शंका घ्यावी. फार चकाकणारी डाळही टाळावी; फिकट, थोडी धुरकट, एकसारख्या आकाराची डाळ अधिक भरवशाची.

विदर्भाला डाळीतील मिसळीची आठवण जुनी आहे. धानाच्या बांधीत ओलीवर येणारी लाखोळी एकेकाळी गरिबाचे अन्न होते. ती सतत आणि मोठ्या प्रमाणात खाण्याचा संबंध पायांच्या लुळेपणाशी जोडला गेला आणि १९६१ मध्ये तिच्या विक्रीबंदीचा नियम आला. तरीही तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीत तिची मिसळ होत राहिली, कारण ती डोळ्याला सहज फसवते.

जैन आचारात या व्यवहाराला फार पूर्वीच नाव दिलेले आहे. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांबरोबर ‘प्रतिरूपक व्यवहार’ही आहे : चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून विकणे. चोरीच्या व्रतात भेसळीला जागा देणारी ही दृष्टी व्यापाऱ्याची नस अचूक ओळखणारी होती. पिवळ्याचा हिरवा करणारा हात आणि तिजोरी फोडणारा हात, यांत या व्रताच्या लेखी अंतर फार नाही. अशा मालाचे पोते स्वस्त मिळते म्हणून दुकानात उतरवून घेणे, हाही त्याच खात्यावरील व्यवहार होय.

घरातील साठवणीतही हेच तत्त्व आहे. वाडी-नागपूरच्या मे महिन्यातील कडक उन्हात डाळ वाळवून, थंड झाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. पावसाळ्यात साठा लहान ठेवावा, महिन्यापुरताच आणावा, ओला हात किंवा ओला चमचा डब्यात जाऊ देऊ नये आणि दर आठ दिवसांनी डाळ ताटात पसरून पाहावी. किडा झाल्यावर औषध टाकण्याची वेळ येणे म्हणजे जयणा आधीच चुकली; जीवोत्पत्ती होऊच नये अशी काळजी घेणे, हीच खरी अहिंसा.

येत्या पर्वतिथीला घरात भाजी नसेल तेव्हा तळणीची कढई चढवण्याआधी एक वाटी हिरव्या वाटाण्याची डाळ निवडून भिजत घालावी. निवडताना घरातील लहान मुलाला शेजारी बसवावे. दल हातात धरून कसे पाहायचे, पेल्यातील पाण्याचा रंग कसा ओळखायचा, हे त्याला दाखवावे. पुढे तो दुकानाच्या गादीवर बसेल, तेव्हा हे शिक्षण त्याच्या उपयोगी पडेल.